कारल्याच्या वेलावरची वायर

पृथ्वीच्या पाठीवर आपण या क्षणी नेमके कुठे आहोत हे सदासर्वकाळ ठाऊक असलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे डोंबिवलीचे मामा. बाकीचे आपण अंदाजाने जगतो. 'आलोच, कोपऱ्यावर आहे' असं फोनवर सांगतो तेव्हा आपण टॉवेल शोधत असतो. मामांना विचाराल तर ते खिशातून साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, पिवळं, जुनं जीपीएस यंत्र काढतात, हात लांब करून आभाळाखाली धरतात आणि थोड्या वेळाने अक्षांश-रेखांश सांगतात. ठाण्याला बाळकुममध्ये आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा चहाच्या आधी गच्चीवर गेले होते. आमचं घर कुठे आहे याची खात्री झाल्यावरच त्यांनी चपला काढल्या. हे सगळं हल्ली फोनवर दिसतं, असं मी एकदा म्हणून पाहिलं. "जावईबापू, फोन दहा जणांना विचारून सांगतो," ते म्हणाले, "हे थेट वर विचारतं."

या व्यसनाचं मूळ डोंबिवलीजवळच्या दिवा गावात आहे. फार वर्षांपूर्वी तिथे एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला मामा एकटेच गेले होते. ज्याला पत्ता विचारावा तो वेगळ्याच दिशेला हात करी, कारण दिव्यात काल नसलेली इमारत आज उभी असे आणि रस्ता मुकाट्याने तिला वळसा घालून गेलेला असे. मामा पोचले तेव्हा प्रसाद संपला होता आणि मांडववाला दोऱ्या सोडत होता. आयुष्यात पुन्हा कुणालाही पत्ता विचारणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी त्या दोऱ्यांच्या साक्षीने केली, आणि पुढे परदेशातल्या पुतण्याकडून हे यंत्र मागवून ती पाळली.

या प्रतिज्ञेची झळ बसली ती मामींना. यंत्राला घरातून निघाल्यावर आधी उपग्रह सापडावे लागत, आणि तेही उघड्यावर उभं राहून. मामा हात वर करून उभे, शेजारी मामी पिशव्या घेऊन उभ्या, असं दृश्य त्यांच्या बिल्डिंगच्या फाटकाशी रोज दिसे. पाहुणे यायचे असावेत तशा त्या मधूनमधून विचारत, "आले का हो?" आणि मामा म्हणत, "तीन आलेत, चौथा येतोय." चौथा येईपर्यंत मामींचं शेजारणीशी निम्मं बोलणं होऊन जाई. पुढे बाजारात मामा रेघ धरल्यासारखे सरळ चालत आणि मामी दर दहा पावलांवर थांबत. कुठे आळूची जुडी दिसे, कुठे शाळेतली मैत्रीण.

मुलीच्या लग्नात तर मामांनी कहर केला. पत्रिकेत हॉलचा पत्ता न देता त्यांनी अक्षांश-रेखांश छापले. यंत्रात नकाशांच्या देशोदेशीच्या पद्धती होत्या, त्यांत 'इंडियन' दिसल्यावर मामांनी अभिमानाने तीच लावून ठेवली होती. ती जुन्या सर्वेक्षणाची पद्धत, आणि लोकांचे फोन चालतात आजच्या जगाच्या पद्धतीवर. दोन्हींत साधारण एका गल्लीचा फरक पडतो. त्यामुळे नवऱ्या मुलाकडची बरीच मंडळी मागच्या गल्लीत कुणाच्या तरी बारशाला जाऊन बसली. त्यांनी पेढे खाल्ले, बाळाचं कौतुक केलं, काहींनी आहेराची पाकिटंही पाळण्यात ठेवली, आणि मग एका आजोबांनी मुहूर्त किती वाजताचा आहे म्हणून चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. व्याही पुढे कितीतरी दिवस फुरंगटून होते. मामांचं म्हणणं आजही एकच आहे. "हॉल चुकला असेल, यंत्र नाही."

अशा या मामांचा गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी फोन आला. आवाज पडलेला होता. मामींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारल्याला वर्ष होऊन गेलं होतं, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते आणि मामी ऐकत नव्हत्या. "ती म्हणते, नवे गुडघे घालून जायचंय कुठे? मी आयुष्यात कधी कुठे गेलेच नाही!" मामा सांगत होते. "अहो, आम्ही इतके हिंडलो, ते सगळं या यंत्रात आहे. मला ते कॉम्प्युटरवर काढून तिला दाखवायचंय. आणि लवकर हवंय, कारण यंत्र आता विसरायला लागलंय." म्हणजे झालं असं होतं, की आठवण टिकवणारा यंत्रातला छोटा सेल मरायला टेकला होता. बाहेरचे सेल संपून यंत्र बंद पडलं, की साठवलेला एकूण एक फेरफटका पुसला जाणार होता. बाहेरच्या सेलवरही आता शेवटची रेघ उरली होती आणि ते बदलायची मामांची छाती होत नव्हती. मी ऑफिसात एकदा अडकलेला प्रिंटर चालू केला असल्यामुळे सासरच्या मंडळींत कॉम्प्युटरतज्ज्ञ म्हणून गणला जातो. लॅपटॉप आणि जुन्या वायरी जोडायचा कन्व्हर्टर घेऊन मी डोंबिवलीला पोचलो.

यंत्राची वायर वेगळीच असते. एका टोकाला त्या यंत्रालाच बसेल असा गोल प्लग आणि दुसऱ्या टोकाला जुन्या कॉम्प्युटरला लागणारा रुंद, बारीक भोकांचा प्लग. बाजारात ती आता मिळत नाही. मामा वायरी जुन्या मोज्यांत ठेवतात, एका मोज्यात एक, आणि प्रत्येक मोज्याला चिठ्ठी टाचलेली. माळ्यावरून मोज्यांचा ढीग उतरला. रेडिओची वायर निघाली, जो टीव्ही आम्ही त्यांच्याकडे कधी पाहिलाच नाही त्याची निघाली. 'जीपीएस' अशी चिठ्ठी असलेला मोजा मात्र रिकामा होता. मामा त्या मोज्यात कोपरापर्यंत हात घालून उभे राहिले.

"काय शोधताय?" मामींनी बाल्कनीतल्या खुर्चीतून विचारलं. गुडघ्यांमुळे त्यांचा मुक्काम आता तिथेच असे.

"अगं, काळी वायर. गोल टोकाची."

"ती होय! ती कारल्याला बांधलीय. सुतळी कुजते मेली, ही छान टिकली."

खरंच, ग्रिलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची वायर ताणून बांधलेली होती आणि कारल्याच्या वेलाने तिला आपल्या शेकडो तंतूंनी विळखे घातले होते. मामांनी कात्री मागितली. मामी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. वर्षभरात कुणी त्यांना इतकं उठलेलं पाहिलं नव्हतं. "वेलाला हात लावाल तर खबरदार! आत्ता कुठे कारली धरलीत."

नवरा-बायकोच्या भांडणात जावयाने पडू नये हे मला कळतं. मी वायरची फक्त दोन टोकं सोडवली, प्लगवरचा गंज खोडरबराने घासून काढला, स्टुलावर लॅपटॉप मांडला आणि मामांना यंत्र धरून पानांत उभं केलं. वेल जागेवर राहिला आणि कारली मामांच्या कानाशी लोंबत राहिली. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक काकू बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांनी ओरडून विचारलं, "फवारणी करताय का हो?"

कॉम्प्युटर म्हणे, यंत्र सापडत नाही. मी वायर काढून घातली, कन्व्हर्टर बदलून पाहिला, लॅपटॉप बंद करून चालू केला. सेलची रेघ लुकलुकायला लागली. मामा ती बघायला सारखे वाकत होते आणि त्यांच्याबरोबर सगळा वेल हलत होता. शेवटी मी यंत्राच्याच सेटिंगमध्ये शिरलो. बाहेर माहिती पाठवायची सोय तिथे बंद करून ठेवलेली होती.

"मामा, हे कुणी बंद केलं?"

"मीच," मामा म्हणाले. "कुणाशी बोलत नव्हतं ना ते. उगाच सेल कशाला खायचे?"

ते चालू करताच लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकायला लागली, तीही लग्नातल्या आग्रहाच्या पंगतीच्या वेगाने. मामीसुद्धा पट्टीकडेच बघत होत्या. ती शेवटाला पोचली, मी फाइल साठवली, आणि थोड्या वेळाने यंत्राचा पडदा विझला. मामांनी ते दोन्ही तळहातांत धरलं.

मग मी नकाशावर रेघा उघडल्या. यंत्राच्या पोटात फार मावत नसे, म्हणून मामा आवडतील तेवढेच फेरफटके ठेवून बाकीचे पुसत. ठेवलेल्यांपैकी एकही त्यांच्या एकट्याचा नव्हता. ठाण्याच्या तलावपाळीची फेरी होती, कल्याणला दुर्गाडी किल्ल्याचा चढ होता, डोंबिवलीचा बाजार तर किती वेळा होता. मात्र प्रत्येक रेघेवर जागोजागी लोकरीसारखे गुंते पडलेले होते. मी मामांना समजावलं, की माणूस एका जागी थांबला की असलं जुनं यंत्र जरा इकडेतिकडे भरकटतं आणि त्याचे हे गुंते होतात. "साफ करून देतो. रेघा स्वच्छ दिसतील."

"मुळीच हात लावू नका," मामा इतक्या जोरात म्हणाले की मी माउस सोडला. मग हळू आवाजात म्हणाले, "तिथे ही उभी आहे."

मामींनी खुर्ची पुढे ओढायला लावली आणि चष्मा पुसला. "ही आळूवाली," त्या पहिल्याच गुंत्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "आणि हा केवढा हो, खोपटच्या डेपोत? हां, एसटी आलीच नव्हती. ती देवरुखची बाई भेटलेली, तिने मला फणसाची भाजी सांगितली. आणि इथे तुम्ही मला मागे टाकून पुढे गेलात म्हणून मी रुसून पायरीवर बसले होते." बोट रेघेवरून फिरत राहिलं. बऱ्याच वेळाने मामी म्हणाल्या, "एवढी चालले मी?" मामांनी लॅपटॉप त्यांच्या आणखी जवळ सरकवला. "डॉक्टरांना विचारा तरी," त्या म्हणाल्या, "पडून किती दिवस राहावं लागतं ते."

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. मधे बरेच दिवस गेले, आणि परवा मामांची मेल आली. 'वेल वाळला, वायर मोकळी झाली. यंत्रात नवे सेल घातले, तुम्ही ठेवून गेलेला कन्व्हर्टर शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावला. सोबत आजचा फेरफटका.' मी फाइल उघडली. रेघ अशी नव्हतीच. त्यांच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत नुसता गुंता होता, पावलापावलाला थांबलेला. मी तो कितीतरी वेळ बघत बसलो आणि मग बायकोला हाक मारली, "अगं, लवकर ये. मामी चालायला लागल्या."