हिस्टरी घेऊन डॉक्टर

"ताई, हिला तुम्हीच समजवा. डॉक्टर व्हायचंय आणि म्हणते हिस्टरी घेते."

विल्सन लोपीस खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाले. मूळ वसईचे, आता सिडनीच्या क्वेकर्स हिलचे, वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. शेजारी त्यांची मुलगी अलिशा, डोळे सुजलेले. मी इथल्याच एका युनिव्हर्सिटीत कोर्स ॲडव्हायझर आहे. कुठले विषय घ्यावेत हे पोरांना सांगायचं, हे माझं काम. खरं तर निम्मा वेळ आईबापांना सांगण्यात जातो.

अलिशा बायोमेडिकल सायन्सच्या पहिल्या वर्षाला. का घेतलं? तर आपल्यातले सगळे तेच घेतात. केमिस्ट्रीत जेमतेम पास, आणि हौस म्हणून घेतलेल्या हिस्टरीत वर्गात पहिली.

"इथे डिग्रीनंतर मेडिकलला जाता येतं," मी म्हणाले. "बहुतेक ठिकाणी कुठलीही डिग्री चालते. आधी बघतात जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी. मग प्रवेश परीक्षा, मग इंटरव्ह्यू. ही अशीच रडतखडत पास होत राहिली, तर अर्ज दारातच अडकेल."

"पण परीक्षेत केमिस्ट्री असेल ना?"

"ती मी घरी करीन, डॅड. प्रॉमिस."

विल्सन माझ्याकडे वळले. "मी आयुष्यभर सँपल तपासले, ताई. पोरीने पेशंट तपासावा, एवढंच."

माझा वैताग तिथेच विरला. "म्हणूनच सांगतेय," मी म्हणाले.

अलिशाने मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बदलून हिस्टरी केला. माझी बॉस केट, पक्की ऑस्ट्रेलियन, म्हणाली, "मेट, तिला सीट नाही मिळाली तर तो बाप तुझ्या दारात उभा राहील." मला ते पक्कं ठाऊक होतं.

केमिस्ट्री विल्सननीच शिकवली, सुट्टीच्या दिवशी, किचनच्या टेबलावर. तरी पहिल्या खेपेला प्रवेश परीक्षेत अलिशा आपटली. मी धास्तावले. विल्सनचा फोन आला, "ताई, पुन्हा बसवतोय." बस्स, एवढंच बोलले. दुसऱ्या खेपेला निघाली.

इंटरव्ह्यूत चिडलेल्या पेशंटचं काम करायला एक नट बसवतात. बाकीची पोरं त्याला समजावत सुटली. अलिशा ऐकत बसली. हिस्टरीच्या प्रोजेक्टसाठी तिने कितीतरी म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या, मध्ये न बोलता ऐकायची सवयच लागली होती. नट आपोआप शांत झाला.

सीट मिळाली. विल्सन फोनवर रडले. मीही रडले, केटसमोर, आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई मुलीला घेऊन आल्या. "ताई, लोपीस म्हणाले, डॉक्टर व्हायचं तर हिस्टरीच घ्यावी लागते."

मी कपाळाला हात लावला. मग मुलीला विचारलं, "तुला काय आवडतं गं?"

"हिस्टरी," आई म्हणाली.

मेजर कुठलाही चालतो. तो ठरेपर्यंत आईला खाली कॉफी प्यायला पाठवावं.