हितंच, शून्य किलोमीटर

फेब्रुवारी सरत आला तरी धुई उठायचं नाव घेत नव्हती. वारंगा फाट्यावर कुणीतरी टायर पेटवून शेकत बसलं होतं, त्याचा धूर नाकात घुसून राहिला होता. कलीमसर वसमतहून मोटारसायकलवर गारठत आले होते आणि बसच्या निवाऱ्यात उभे होते. भिंतीला टेकायची सोय नव्हती. थुंकून थुंकून ती कमरेएवढी लाल झालेली. हातात पॅड, पॅडवर कागद. गाडीला येणारं माणूस दिसलं की एक रेघ.

हेच त्यांचं शास्त्र. माणूस कुठून निघतो, कशानं जातो, कुठं पोचतो, त्याचा भूगोल. त्यात डॉक्टरेट केली आणि पंधरा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तोच धडा शिकवला. तेवढ्यावर भागत नाही म्हणून पुण्याच्या एका सल्लागार कंपनीच्या अहवालांवर 'भूगोलतज्ज्ञ' म्हणून सह्या करायच्या.

या खेपेचा अहवाल आठ दिवसांपूर्वी आला. फाट्यावरून वसमतला जाणाऱ्या सातच्या गाडीला लांबचे प्रवासी नाहीत, गाडी बंद करावी, असं त्यात छापलं होतं. सरांनी पानं उलटली. एकेचाळीस बायांपुढं एकच नोंद होती : 'ठिकाण, हितंच. अंतर, शून्य.'

निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे इकडं शेंबड्या पोरालाही कळतं. विचारलं की काम नासतं. कुणी विचारलंच तर गावाचं नाव न घेता 'हितंच' म्हणायचं आणि पुढं व्हायचं, मग जाणारी बाई हैदराबादला का जाईना. आणि कंपनीच्या माणसांनी टॅब हातात धरून, गाडीच्या पायरीवर पाय ठेवलेल्या बाईला नेमकं तेच विचारलं होतं.

"सर, तुमी बी लागले का मोजाया?" जनकाबाईनं डबा खाली ठेवला. ती वसमतच्या मोंढ्यात हळद निवडायला जायची, या साऱ्या बायांची पुढारीण. "मागल्या खेपेचे ते दोघं निस्ते मुर्दाड! पायरीवर पाय टाकला की म्हने, कुटं चालल्या? मी म्हनलं, तुज्या मायनं काई शिकवलं का न्हाई?"

"अन् त्यानं 'हितंच' लिहून घेतलं."

"मंग काय गावाचं नाव सांगू? दिवसभर हात सोलून निघाले असते माजे!"

सरांनी पेन काढलं. "माघारी कवा येता, जनकाबाई?"

"दिस बुडाल्यावर. वसमतहून साडेपाचची गाडी धरतो आमी समद्या."

परतीचं विचारलेलं चालतं. त्यानं माणूस सुखरूप परत येतो. सरांनी सगळ्यांना तेच विचारलं, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस बोलल्या.

गाडी गेल्यावर त्यांनी कंपनीच्या सोमेश्वरला फोन लावला.

"अरे, सगळ्या वसमतला जातात. रोज."

"सर, त्यांनीच 'हितंच' सांगितलं ना? आपण काय करणार?"

"तुमचा प्रश्न चुकला. निघालेल्याला इकडं 'कुठं' विचारत नसतात."

"मग अंधश्रद्धेसाठी वेगळा फॉर्म छापायचा का? तुम्ही एवढे शिकलेले, सर. सही तेवढी करून टाका. कनेरगावला कुठं इतकं बघितलं होतं?"

हे बराबर लागलं. सहा वर्षांपूर्वी कनेरगाव नाक्याच्या अहवालावर सरांनी न वाचता सही ठोकली होती. थांबा दीड किलोमीटर लांब गेला. नव्या निवाऱ्यात आता शेळ्या बसतात आणि म्हाताऱ्या माणसांना नाक्यापासून तिथवर उन्हातनं तंगड्या तोडाव्या लागतात. त्या रस्त्यानं जाताना सर आजही दुसरीकडं बघतात.

घरी येऊन त्यांनी सहीच्या जागी लिहिलं, 'एकेचाळीस बाया रोज वसमतला जातात. तुम्ही नीट विचारलं नाही.' आणि अहवाल परत धाडला.

तिसऱ्या दिवशी कळलं, दुसऱ्या कुणा डॉक्टरसाहेबांनी सही केली. शून्य तसंच राहिलं. एक तारखेपासून गाडी बंद झाली.

त्याच आठवड्यात सर मोंढ्याजवळून जात असताना एक टेम्पो थांबला. उभ्यानं कोंबलेल्या बाया एकमेकींना धरून उतरल्या. शेवटी जनकाबाई उतरली, तिचं ढोपर फुटलं होतं. सरांना बघून थांबली.

"तुमी तर लिवून घेतलं होतं न वं सर?"

"घेतलं होतं."

"मंग काहून?"

फाट्यावरच्या त्या भिंतीवर आपणही थुंकावं, असं सरांना जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"जाऊ द्या," जनकाबाई म्हणाली. "तकलीफ आमची हाय." आणि लंगडत गेली.

घरी बायकोनं, जुलेखानं, गव्हाचा डबा दारातच ठेवला होता. "अजी, आटा खतम है. चक्कीपे जाव, नै तो आज बी चावलच खाना."

सरांनी पॅड कपाटावर टाकला, डबा खांद्यावर घेतला. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बँकेच्या साहेबानं स्कूटर हळू केली. "काय सर, कुठं निघालात?"

"हितंच," सर म्हणाले, आणि डबा दुसऱ्या खांद्यावर घेऊन गिरणीकडं चालू लागले.