पांढरे कोपरे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. जामसांवलीच्या मारुतीपुढे दर शनिवारी हात जोडतो, तिथेही नाही — तिथे मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत बसतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्नं, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो. आणि निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र, एनलार्जर, आमच्या भागात तेव्हा माझ्या एकट्याकडे होतं. त्याचा मला तोरा होता. खोटं कशाला बोलू?

मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र. सौंसरला ड्रॉइंगचा मास्तर, मोहगावच्या वाटेवर घरची संत्र्याची बाग. त्याने नागपूरहून एक जुना कॅमेरा आणला — वरून डोकावून बघायचा, मोठ्या रोलचा, एका रोलवर चौकोनी बारा फोटो. रविवारच्या बसने रोल घेऊन यायचा. हंगामात त्याच्या आईने माझ्यासाठी दिलेली पिशवीभर संत्रीही असायची. रोल मी धुवायचो, फोटो मी काढून द्यायचो, निगेटिव्ह माझ्याकडेच पाकिटात राहायच्या. तो लाल दिव्याखाली शेजारी उभा राहायचा, आणि ट्रेमध्ये फोटो उमटू लागला की उगाच हसायचा.

फोटो चांगले होते — नाही, एवढ्यावर भागणार नाही. ते फोटो मला सात जन्मांत काढता आले नसते. मी पंधरा वर्षं माणसांना 'हनुवटी खाली, इकडे बघा' म्हणत आलो होतो. हा कुणाला काहीच म्हणत नसे, आणि माणसं त्याच्यापुढे मोकळी होत. एकदा दोरीवर वाळत घातलेले त्याचे फोटो पाहून आमची ही म्हणाली, "भाऊजीच्या फोटोतले माणसं आता बोलतीन असं वाटते. तुमच्यातले तं जसे डॉक्टरकडं नंबर लावून बसून राहिले." ती हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या पायऱ्या चढण्याचा आवाज आला की दुखायचं. ज्याला फक्त हौस होती, त्याला ते आलं — आणि ज्याचं पोट त्यावर होतं, त्याला नाही. असं का व्हावं?

मग नागपूरच्या एका मासिकाने त्याच्याकडे दहा फोटो मागितले. पसंत पडले तर कायम काम मिळणार होतं. त्यासाठी काढलेला नवा रोल घेऊन तो आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

आता यंत्राची एक गोष्ट सांगावी लागेल. एनलार्जरला दोन भिंगं असतात — छोट्या निगेटिव्हला छोटं, मोठ्या निगेटिव्हला मोठं. मोठी निगेटिव्ह छोट्या भिंगाखाली घातली, की उजेड कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. आणि जिथे उजेड पोचत नाही तिथे कागद पांढरा राहतो. त्या दिवशी सकाळी मी छोट्या रोलचे फोटो काढले होते, भिंग बदलायचं राहिलं. ही चूक खरीच चूक होती. एवढं तरी तुम्ही माना — किंवा नका मानू.

पहिला फोटो त्यांच्या बागेचा होता. मधोमध संत्र्यांचा ढीग, भोवती निवडणाऱ्या बाया. फोटो ट्रेमध्ये उमटला आणि चारी कोपरे धुक्यात गेल्यासारखे पांढरे. माझ्या लगेच लक्षात आलं. मधुकरने विचारलं, "कोपरे काऊन उडाले बे?"

भिंग बदलायला दोन मिनिटं लागतात. मोठं भिंग हाताशीच होतं. मी म्हणालो, "तुह्या कॅमेऱ्याचं भिंग गेलं."

आणि मग उरलेले नऊही मी त्याच छोट्या भिंगाखाली काढले. सावकाश. एकेक.

कॅमेऱ्याचं भिंग खराब असतं, तर कोपरे काळे आले असते. पांढरे आले, म्हणजे दोष एनलार्जरचा. माझं खोटं दहाही फोटोंवर उघडं पडलेलं होतं. पोरांना छायाप्रकाश शिकवणाऱ्या त्या माणसाला ते दिसलं नाही. कसं दिसणार? त्याने तपासलंच नाही. "तू म्हणतो तं असंन," एवढंच म्हणाला. फोटो पाठवले नाहीत. दुरुस्तीत पडू नको, विकून टाक — हा सल्लाही माझाच. त्याने कॅमेरा विकला, पुन्हा घेतला नाही. मला हलकं वाटलं. लाज नंतर आली. आधी हलकंच वाटलं.

तीन वर्षांनी त्याची आई गेली. तिला फोटोचं वावडं होतं, कॅमेरा दिसला की घरात जायची. तेराव्यानंतर तो माझ्याकडे आला. म्हणाला, "माय कोठंच नाही रे. त्या संत्र्यावाल्या फोटोत कोपऱ्यात उभी होती, थेच एक. निगेटिव्ह असंन ना तुह्यापाशी?"

निगेटिव्ह होती. पण ती नीट छापली असती तर कोपरे भरून आले असते, आणि त्याने विचारलं असतं, हे कसं? मी म्हणालो, ओल लागली, सगळं पाकीट फेकलं. तो उठला आणि बस पकडायला गेला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस कसा असतो, हे मी तेव्हा आरशात पाहिलं.

गेल्या दिवाळीत सौंसरला त्याच्या घरी गेलो होतो. तोच फोटो भिंतीवर आहे, चौकटीत. उजव्या कोपऱ्यात मनगटापर्यंत एक हात दिसतो, संत्र्याच्या ढिगाकडे गेलेला. बाकी पांढरं. त्यावर त्याने हार घातला होता, ताजा. मी त्याच्यासमोर बसून चहा घेतला.

निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे. कधीतरी खिडकीशी धरतो. उजव्या कोपऱ्यात ती पूर्ण उभी आहे, पदर दातात धरून, लेकाकडे बघत. निगेटिव्हमध्ये तिचे पांढरे केस काळे दिसतात. एनलार्जर चालू आहे, मोठं भिंगही आहे. काम अर्ध्या तासाचं. मी ते अजून केलेलं नाही.