घुमटाखालची सुपारी

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. चहा प्या, बिस्कीट बुडवा, पण हसले तं मी उठून जाईन. कारण यात माझी काही चूक नव्हती. चूक छताची होती!

स्वतःचं छत स्वतःच्या मालकावर उलटलेलं पाहिलं आहे कधी तुम्ही? माझं उलटलं.

गांधीबागेत आमचं कापडाचं दुकान आहे, ते तं तुम्हाले माहीत आहे. आजोबा विणकर होते. घराच्या मागच्या अंगाले त्यांच्या हातमागांची लांबलचक खोली होती. माग केव्हाच गेले, खोलीत जुने कूलर अन् फुटक्या बादल्या पडून होत्या. मी म्हटलं, इथं होम थिएटर करतो. समोर मोठी स्क्रीन, चारी बाजूनं स्पीकर, अन् वर घुमट!

घुमट काहून? अरे बाप्पा, साधी गोष्ट आहे. देवळात जाता नं? गाभाऱ्यात एक घंटा वाजवली तं आवाज कसा भरून येते! पुजारी एकटाच म्हणते अन् वाटते दहा जण म्हणून राहिले. बिना स्पीकरचा एवढा आवाज, मग स्पीकर लावल्यावर काय बहार येईल! असं डोकं चालवलं मी. पीओपीवाल्याले बोलावलं, म्हटलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांबट घुमट पाहिजे, आतून अंड्यासारखा गुळगुळीत. तो म्हणे, "होऊन जाईल भाऊ." मी छताले शेपूट लाव म्हटलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

मधेच आमची मयूरी बोलली. "बाबा, घुमट नका करू. गोल छतानं आवाज बिघडते. सपाट ठेवा, नाहीतं थोडं तिरपं करा अन् वर जाड कापड ताणा."

"तुले कोणं सांगितलं?"

पोट्टी लाजली. अच्छा! म्हणजे हा उपदेश उमरेडहून आला होता. उमरेडचा निखिल तिनंच पसंत केला होता. इंजिनियर, घर आमच्यासारखंच विणकरांचं. दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून सुपारी फोडायची, तेवढंच बाकी होतं. अन् जावई व्हायच्या आधीच हा पोट्टा माझ्या छतात बोट घालून राहिला! जन्मभर कापड विकणाऱ्याले सांगते, कापड ताणा! संताप आला मले. पीओपीवाल्याले म्हटलं, घुमट अजून खोल कर.

घरची म्हणे, "करा काय करायचं ते. पण रविवारी उमरेडचे लोक सुपारीले येऊन राहिले. तोंड सांभाळा जी, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. काही बोलायचं असलं तं माझ्या कानात बोला."

हे लक्षात ठेवा. कानात बोला असं तिनंच सांगितलं होतं.

रविवारी मंडळी आली. व्याही म्हणजे सडपातळ, अबोल माणूस. डोकं पांढरं, मिशी मात्र काळीकुट्ट. विहीणबाई हसतमुख, पण नजर अशी की घरात आल्या आल्या सगळं मोजून घेतलं. थिएटरच्या खोलीत शिरल्या अन् खिडकीचा पडदा बोटांत धरून चोळून पाहिला.

मी छाती फुगवून म्हटलं, "हातमागाचे आहेत. खास विणून घेतले."

"हो का?" त्या हसल्या.

सांबारवडी झाली, आमची ती कोथिंबीर ठासून भरलेली. व्याह्यांनी सांबारवडीले चांगला न्याय दिला. मग मी म्हटलं, आधी सिनेमा, मग सुपारी! घरची डोळे वटारून राहिली होती, पण एवढा घुमट केला तो दाखवायचा नाही का? व्याही-विहिणीले समोरच्या मोठ्या सोफ्यावर बसवलं. मधल्या खुर्च्यांवर मयूरी अन् निखिल. अन् मी पार मागं, सिनेमाच्या प्रोजेक्टर मशीनजवळच्या खुर्चीत, रिमोट घेऊन.

सिनेमा लावला. आता तुम्ही म्हणाल, बहार आली असेल. कायची बहार! हिरो एक वाक्य बोलायचा अन् ते संपायच्या आधी त्याच्याच अंगावर दुसरं येऊन पडायचं. काही समजत नव्हतं. मी आवाज वाढवला. अजूनच कालवा झाला. निखिलनं एकदा मान वर करून घुमट पाहिला. त्याचं ते पाहणं मले जास्त झोंबलं. शेवटी मी सिनेमा थांबवला, म्हटलं, चहा घेऊ. घरची चहा आणायले गेली. खोली एकदम शांत झाली.

अन् माझ्या कानात, अगदी कानात, एका बाईचा आवाज आला.

"पडदे पॉलिस्टरचे आहेत जी. कापडवाल्याच्या घरी पॉलिस्टर! अन् म्हणते, खास विणून घेतले. माणूस भारी फेकू दिसते."

मी दचकून मागं पाहिलं. भिंत! बाजूले पाहिलं. मशीन! मग समोर नजर गेली. पार तिकडच्या टोकाले विहीणबाई तोंडाशी पदर धरून व्याह्यांच्या कानाशी लागल्या होत्या. मधे बसलेल्या पोट्ट्यांले पत्ताच नव्हता.

मले वाटलं, बाईचा आवाजच टोकदार आहे. हळू बोलायची रीत नाही या लोकांत! मस्तक फिरलं माझं. माझ्या घरात, माझ्या सांबारवड्या खाऊन, मले फेकू?

तेवढ्यात घरची चहाचा ट्रे घेऊन आली. तिले माझ्याजवळ वाकवलं अन् तिच्या कानात सगळं ओकलो. हळू हं! इतकं हळू की मधे बसलेल्या मयूरीलेही ऐकू गेलं नसेल.

"ऐकलं का? मले फेकू म्हणून राहिली ती! नवऱ्याच्या मिशीकडे पाहा म्हणा आधी. रंग लावून आणला आहे, घामानं कॉलरवर उतरून राहिला. अन् वड्या अशा हाणल्या जशी उमरेडले चूलच पेटत नाही! पण एक सांग, पडदे पॉलिस्टरचे आहेत हे तिले समजलं कसं?"

घरची म्हणे, "चूप बसा जी!"

मी मान वळवली. समोर सोफ्यावर पाहिलं तं व्याही कॉलर चाचपून राहिले होते. मले वाटलं, गरम होत असेल. मी एसी वाढवला. सांगा, किती काळजी घेणारा माणूस आहो मी!

मग ताट आलं. कुंकू, तांदूळ, मधे सुपारी. मी म्हटलं, "चला व्याही, फोडा."

व्याह्यांनी हात पुढं केला नाही.

मयूरीचा चेहरा उतरला. निखिल बापाकडे पाहून राहिला. घरचीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी दबलो. मी म्हटलं, "काय झालं? काही चुकलं का आमचं?"

विहीणबाई उठल्या. "भाऊ, तुम्ही इथं माझ्या जागेवर या. बसा सोफ्यावर."

मी बसलो. त्या चालत पार मागं गेल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, तोंडाशी पदर धरला. सगळे त्यांच्याकडे पाहून राहिले, कोणालेच काही ऐकू आलं नाही. मले मात्र कानात आलं, एकेक अक्षर साफ.

"भाऊ, उमरेडले चूल पेटते बरं."

अरे देवा! तिथून आवाज परत आला, "अन् पॉलिस्टर बोटालेच समजते. माहेरी माग होता माझ्या."

निखिल उठला, एकदा मागं जाऊन आला, एकदा सोफ्याजवळ आला, अन् जे समजायचं ते समजला. हळूच मले म्हणे, "काका, छत गोल अन् गुळगुळीत आहे नं, त्याच्यानं आवाज विखरत नाही. वर जाऊन वळते अन् पलीकडे एकाच जागी उतरते. या टोकाचं त्या टोकाले. मधे बसणाऱ्याले ऐकू येत नाही." मयूरी रडायच्या बेतात होती, पण तेवढ्यातही बोलून गेली, "मी सांगितलं होतं, कापड ताणा!"

सांगितलं होतं! सगळ्यांनीच सांगितलं होतं! मी ताडकन उठलो. आधी व्याह्यांपुढं हात जोडले. म्हटलं, "माझं तोंड वाईट आहे, पोट्टी चांगली आहे. माझ्यापायी तिचं मोडू नका. अन् हा घुमट उद्याच हातोडा घेऊन पाडतो!"

व्याही दिवसभरात पहिल्यांदा मनापासून बोलले. "वड्या खरंच चांगल्या होत्या." अन् मिशीवर रुमाल फिरवला. रुमाल काळा झाला. त्यांनीच तो सगळ्यांले दाखवला. मयूरीले आधी हसू फुटलं, मग सगळ्यांले.

पण विहीणबाई अजून मागच्या खुर्चीतच होत्या. तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, "सुपारी फुटेल. पोट्टी मले पहिल्याच दिवशी आवडली होती, ते मी हळू म्हणायच्या आधीच तुम्ही सुरू झाले. पण एक अट आहे. घुमट पाडायचा नाही!"

"काहून?"

"आमच्या मागं तुम्ही काय बोलता ते आम्हाले समजलं पाहिजे नं!"

सुपारी फुटली. लग्नही झालं. घुमट तसाच आहे. सिनेमातलं आजही काही समजत नाही. उमरेडची मंडळी आली की विहीणबाई सोफ्यावर बसतात, मले मागच्या खुर्चीत पाठवतात अन् म्हणतात, "हं, बोला भाऊ." माझ्याच घरात माझी ही गत!

परवा त्यांनी त्या खोलीसाठी पडदे पाठवले. अस्सल हातमागाचे. मी लावले. खोलीत कोणी नव्हतं. म्हटलं, चला, एक दिवस तं मन मोकळं करू. मागच्या खुर्चीत बसलो अन् आपल्याशीच पुटपुटलो, "कापड बरं आहे. पण रंग? व्याह्याच्या मिशीचा उरलेला दिसते."

घरची सोफ्यावर आडवी झाली होती. सोफ्याच्या पाठीआड दिसली नाही मले. तिथून आवाज आला, "ऐकू आलं जी! थांबा, उमरेडले फोन लावते."