अणूची राख

अमडापूरच्या बाजारात एकदा सरकारी प्रचाराचा माणूस आला होता. निंबाच्या झाडाला चित्रं टांगून, अणूपासून वीज कशी होते, ते तो सांगत होता. बोलता बोलता सारखा चष्मा पुसायचा. आम्ही पोरं त्यालाच हसत होतो.

भाजीवाल्या आजीनं विचारलं, "मंग राख कुठी टाकता बापा?"

त्यानं चष्मा बराच वेळ पुसला. "टाकता येत नाही, आजी. तिच्यातून न दिसणारे घातक किरण निघत राहतात. जपून ठेवावी लागते. आपण सारे गेल्यावरही."

"तं मले काऊन सांगून राह्यले? या पोरायले सांगा."

बाजार हसला. तो मात्र चित्रं घेऊन आमच्यात धुळीत बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला.

त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. काल नातवाला हे सांगताना माझा हात सारखा चष्म्याकडे जात होता.