दोनशे सतरा पायऱ्या

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, तीस वर्षं लोकांना दीपगृह दाखवत आले आणि तीस वर्षं खोटं बोलत आले. दाराशी कुणी विचारलं, पायऱ्या किती, की न अडखळता सांगायचे, एकशे ऐंशी. आहेत दोनशे सतरा. मला कुणी शिकवायला नको. तिकीट खिडकीत बसायच्या आधी अकरा वर्षं त्या पायऱ्या मीच झाडल्या आहेत.

पण त्या खोट्याला कारण होतं. दोनशेच्या वरचा आकडा ऐकला की माणसाचे गुडघे चढायच्या आधीच दुखायला लागतात. एकशे ऐंशीव्या पायरीला समुद्राकडे उघडणारी खिडकी आहे. तिथे भाऊजी सगळ्यांना थांबवायचे, बोटी दाखवायचे, कुणाच्या सुनेची नाहीतर जावयाची चौकशी करायचे. धाप ओसरली की म्हणायचे, झालंच आता. उरलेल्या सदतीस पायऱ्या लोक बोलण्याच्या नादात चढून जायचे. त्यांच्यामागून निघालेलं एकही माणूस अर्ध्यातून परत आलेलं मी पाहिलं नाही.

मग पर्यटनाचा कायदा सुधारायचं ठरलं. सुधारणा सर्वसमावेशक आणि शाश्वत होणार होती. हे दोन शब्द फलकावर एवढे मोठे काढले होते की सभेची वेळ लिहायला जागाच उरली नाही. स्थानिकांचं मत ऐकण्यासाठी सभा भरली ती मोठ्या हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि आत जायला पास लागत होता. आमच्याकडे पास नव्हता, म्हणून आमचं मत हॉटेलच्या मालकांनीच मांडून टाकलं.

त्या सभेतला एक साहेब मात्र वही घेऊन दीपगृह पाहायला आला. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी माहीत होतं ते सगळं त्याला सांगितलं, आणि सवयीने एकशे ऐंशीही सांगितलं. वर पोचेपर्यंत साहेबाच्या नाकी नऊ आले होते. मोजायचं भान कुठून असणार. ऐकलं तसं त्याने टिपून घेतलं. सरकार माझ्याकडून शिकून गेलं, असं भाऊजी आठवडाभर घरोघरी सांगत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वर्षभराने कायदा आला. गाईडला परवाना, परवान्याला परीक्षा आणि परीक्षेला पुस्तिका. बिनपरवाना गाईडला दारात अडवायची, आणि माहिती सांगताना ऐकू आला तर थांबवायची जबाबदारी तिकीट खिडकीवर, म्हणजे माझ्यावर. पुस्तिकेच्या सातव्या पानावर छापलं होतं: पायऱ्या एकशे ऐंशी. खाली बारीक अक्षरात, माहिती: स्थानिक जाणकार.

भाऊजींना म्हटलं, एकदा चाळून तरी जा. स्वतःच्या घराचा पत्ता कुणी पाठ करतं का, म्हणून ते हसले. पन्नास गुणांची परीक्षा, पास व्हायला चाळीस. त्यांना पडले एकोणचाळीस. पायऱ्यांच्या प्रश्नावर लाल फुली होती. त्यांनी लिहिलं होतं, दोनशे सतरा.

मी तावातावाने कचेरी गाठली. समोर तोच साहेब. म्हटलं, चला, दोघं मिळून मोजू. त्याला बहुतेक आपले गुडघे आठवले.

"ताई, तुमचंच बरोबर असेल. पण पुस्तिका छापून झालीय. पुढच्या वर्षी त्यांना एकशे ऐंशी लिहू द्या, परवाना मी स्वतः घरी आणून देतो."

माणूस वाईट नव्हता, याचाच मला जास्त राग आला.

दरम्यान शहरातून परवानाधारक गाईड आला. गळ्यात बिल्ला, हातात पुस्तिका. एकशे ऐंशीव्या पायरीवर त्याचं दीपगृह संपतं, जिना संपत नाही. लोक त्याच्याकडे बघतात, तो पुस्तिकेकडे बघतो. निम्मे तिथूनच माघारी फिरतात. वरच्या पायऱ्यांची झीज तेवढी वाचते. शाश्वत म्हणतात ते हेच असावं. भाऊजी माझ्या खिडकीशेजारच्या कट्ट्यावर बसून परतणारी माणसं मोजतात. ते हल्ली जेवतातही कमी, आणि मला ते पाहवत नाही.

यंदा परीक्षेच्या सकाळी मी त्यांना समोर बसवून सातवं पान तीनदा वाचायला लावलं. त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. मी शर्टाला इस्त्री करून दिली. तीस वर्षं जे खोटं सहज जिभेवर होतं, ते एकदा कागदावर उतरवायचं, एवढंच काम होतं. दुपारी ते आले आणि कट्ट्यावर बसले.

"काय लिहिलंत, भाऊजी?"

"दोनशे सतरा."

मी कपाळाला हात लावला. जगाला जे सांगत आलात तेच लिहायचं होतं ना, म्हटलं.

"माणसांना सांगायचो वहिनी, त्यांना वर पोचायचं असायचं म्हणून. कागदाला कुठं चढायचंय?"

तेवढ्यात एक म्हातारी भिंतीला धरून दारातून बाहेर आली, अर्ध्यातूनच परतलेली. कट्ट्यावर टेकली आणि धापा टाकत तिने भाऊजींनाच विचारलं, वर काय होतं हो?

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तिकीट खिडकीची झडप ओढून घेतली. बाहेर ते तिला सांगत होते आणि नियमाप्रमाणे मला काही ऐकू येत नव्हतं.