इतिवृत्तातलं माझं एक वाक्य

नवऱ्याच्या बँकेने त्याची बदली केली, आम्ही बालीगंजला आलो आणि मी न्यू टाउनच्या एका सल्लागार कंपनीत लागले. एका परदेशी सरकारच्या मदतीतून इथल्या वस्त्यांना पाण्याचे नळ मिळणार होते. अट अशी की आधी वस्तीत सभा घ्यायची, लोक काय म्हणतात ते लिहायचं आणि जगाला दिसेल असं वेबसाइटवर टाकायचं. मला ही अट इतकी आवडली की लिहिण्याचं काम मी मागून घेतलं. बंगाली येतं का, असं साहेबांनी विचारलं तर म्हटलं, "त्यात काय, निम्मे शब्द आपलेच आहेत." अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

रुळांलगतच्या वस्तीत सभा झाली. एक पोक्त बाई उठल्या, नळासाठी "ऑनेक चेष्टा कोरेछि" म्हणाल्या आणि मागच्या बायका हसल्या. माझं डोकंच फिरलं. घरबसल्या नळ मिळतोय आणि यांना थट्टा सुचते! मी इतिवृत्तात लिहिलं, रहिवाशांनी योजनेची खिल्ली उडवली.

दोन-अडीच महिन्यांनी मुलीला गणितावरून रागावत होते. इथल्या शाळेत गेल्यापासून तिच्या मराठीत बंगाली घुसलंय. ती मुसमुसत म्हणाली, "आई, मी चेष्टा करतेय ना!"

"माझी चेष्टा करतेस?" मी हात उगारला.

"तुझी नाही गं! चेष्टा म्हणजे प्रयत्न. शाळेतल्या बाई रोज सांगतात."

उगारलेला हात तसाच राहिला. नळासाठी आम्ही खूप प्रयत्न केले, एवढंच वस्तीतल्या त्या बाई सांगत होत्या. बायका हसल्या त्या स्वतःच्या नशिबाला.

मी वेबसाइट उघडली. माझं वाक्य तिथे होतं, स्वच्छ इंग्रजीत. त्याखाली निर्णय होता, स्थानिक उत्साह नसल्याने वस्ती वगळली. हरकतींची मुदत संपलेली, हरकत एकही नाही. त्या बायका इंग्रजी वेबसाइट वाचून हरकत घेणार होत्या कशी? हा प्रश्न मला, अट आवडलेल्या मला, एकदाही पडला नव्हता.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चूक असती तर कुणी बोललं नसतं का? सगळं उघड तर आहे." तरी मी निधी देणाऱ्यांकडे दुरुस्ती पाठवली. लगेच नम्र उत्तर आलं, यादी अंतिम आहे, मात्र पारदर्शकतेसाठी आपलं पत्र अहवालाला जोडलं आहे.

मग मी वस्तीत गेले. त्या बाई टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. तुमचा नळ माझ्यामुळे गेला, हे मोडक्यातोडक्या बंगालीत कसंबसं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती माझी. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"आम्ही थट्टा करतोय असं वाटलं, तर तेव्हाच विचारलं का नाही, दिदी?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्या समोरच तर उभी होते."